डिस्प्ले येत नाही

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यात केलेले भाषण. बोलताना इकडेतिकडे गेलो होतो, तेवढे छापताना आवरले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तांत्रिक विषयावर मार्गदर्शन’ असं छापलेलं आहे. ते कोणी छापलं मला माहीत नाही. मी साधा बी. कॉम., ३६ वर्षं बँकेत काढली. तिथे कॉम्प्युटर बंद पडला की फोन करायचा, इंजिनिअर येईपर्यंत गिऱ्हाइकांची बोलणी खायची, एवढंच आमचं तंत्रज्ञान. पण गेल्या जून महिन्यात आपल्या ऑफिसमधला जुना डेस्कटॉप आम्ही चालू केला, त्याची हकीकत सांगा असा सेक्रेटरींचा आग्रह पडला. बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा डबा माळ्यावर किंवा टेबलाखाली पडलेला आहे. तेव्हा त्याचा उपयोगही होईल.

आधी तो चालू करायची गरज का पडली ते सांगतो, कारण नाहीतर १७ वर्षांच्या जुन्या मशीनवर चार संध्याकाळी घालवायचं काही कारण नव्हतं.

आपल्या एक ज्येष्ठ सभासद ताई आहेत. त्यांच्या परवानगीनेच सांगतो, फ्लॅट नंबर सांगत नाही. यजमान जाऊन काही वर्षं झाली, मुलगी नाशिकला. ताईंनी फ्लॅट विकून मुलीजवळ जायचं ठरवलं. गिऱ्हाईक ठरलं, टोकन झालं, आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागायला त्या ऑफिसात आल्या. तर त्यांच्या खात्यावर येणे. मुद्दल ५,४०० रुपये, आणि त्यावर सालाना २१ टक्क्यांनी सरळ व्याज. वर्षाला १,१३४ झाले, १४ वर्षांचे १५,८७६. एकूण २१,२७६ रुपये. ताई म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी मेंटेनन्सचा चेक कधी एक दिवस उशिरा दिला नाही. मी पैसे भरेन, पण आम्ही बुडवले असं लिहून घेऊन इथून जाणार नाही.”

त्या हे दर सेक्रेटरीला सांगत आल्या होत्या आणि दर सेक्रेटरी “बघू” म्हणत आला होता. अडचण अशी, की २०१९ मध्ये आपण हिशेब नव्या लॅपटॉपवर घेतले तेव्हा प्रत्येक फ्लॅटची फक्त ओपनिंग बॅलन्स पुढे ओढली. ‘मागील येणे’ असा एकच आकडा. तो कशाचा, कोणत्या तिमाहीचा, काही नाही. बँकेत असा आकडा दिसला असता तर ऑडिटरने आम्हाला घरी जाऊ दिलं नसतं. पावत्यांची जुनी बुकं पावसाच्या पाण्यात गेली, ते तुम्हाला आठवत असेल. बँकेकडून २०११ चं स्टेटमेंट मागवा असं कोणी सुचवलं. पण बँकांनी काही कागद ५ वर्षं आणि काही ८ वर्षं जपून ठेवायचे असा १९८५ चा नियम आहे. त्यापुढे मिळालं तर नशीब. मिळालं नाही.

म्हणजे खरा खातेउतारा होता फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. आणि तो सुरू केला की पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा, आणि पडद्यावर काळोख.

दुकानात नेला. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. मदरबोर्ड गेला, हा आता मिळत नाही, नवीन घ्या, असं सांगितलं. मला राग आला नाही, पण पटलंही नाही. त्याचं कारण जरा विषयांतर करून सांगतो.

आमच्या काळी शाखेत बॅलन्सिंग हाताने व्हायचं. शेकडो खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. फरक आला की नवखा क्लार्क पहिल्या खात्यापासून पुन्हा तपासायला बसायचा आणि रात्री दहाला रडकुंडीला यायचा. जुने हेडक्लार्क तसं करत नसत. ते आधी फरकाच्या आकड्याकडे बघायचे. फरकाला नवाने पूर्ण भाग जातो का? जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट लिहिले गेलेत, ५४ चे ४५ झालेत. फरकाची निम्मी रक्कम कुठे दिसते का? दिसली तर जमेची रक्कम नावे टाकलीय. मग अर्धी खाती जुळवायची, ती बरोबर निघाली की फरक उरलेल्या अर्ध्यात. असं करत करत तो कोपऱ्यात सापडायचा. मग १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आली, हे सगळं मागे पडलं. पण सवय राहिली. काही तपासायच्या आधीच “सगळंच गेलं” म्हणणारा माणूस माझ्या मनातून उतरतो.

डिस्प्ले नसलेला कॉम्प्युटर तपासायचा तो याच रीतीने. वीज भिंतीतून निघते आणि शेवटी पडद्यावर चित्र होते. मध्ये कुठे तुटलं ते शोधायचं.

सी विंगमधला एक डिप्लोमा करणारा मुलगा माझ्या मदतीला होता. तो मला आजोबा म्हणतो, मी त्याला इंजिनिअर साहेब म्हणतो. नाव छापू नका म्हणाला, परीक्षेत विषय राहिला तर लोक हसतील. खरं काम त्याचं, माझं काम टॉर्च धरायचं आणि घाई करू न द्यायचं.

पहिल्यांदा मॉनिटर. मॉनिटरचा दिवा नारिंगी होता. नारिंगी म्हणजे मॉनिटरला वीज आहे, पण कॉम्प्युटरकडून चित्र येत नाही. हे तरी खरं का? मॉनिटर चालू ठेवून निळी पंधरा पिनांची व्हीजीए केबल काढून टाकली. बहुतेक एलसीडी मॉनिटर अशा वेळी ‘केबल तपासा’ अशी चौकट दाखवतात. ती आली. म्हणजे पडदा चांगला. एका मिनिटात अर्धी शंका गेली, आणि लक्षात घ्या, अजून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला नाही. केबलच्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते बघून घेतलं.

इथे एक गोष्ट घरच्यांसाठी. काही मशीनला मागे मॉनिटर जोडायच्या दोन जागा असतात. एक मदरबोर्डची, एक वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसवलेलं असेल तर बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डची जागा बंद होते. रंग देताना टेबल हलवलं, केबल दुसऱ्या जागी लावली आणि कॉम्प्युटर ‘बिघडला’, असं आपल्याच इमारतीत दोन घरी झालेलं आहे. तसंच नव्या मॉनिटरला व्हीजीए, एचडीएमआय असे दोन-तीन इनपुट असतात. तो चुकीच्या इनपुटवर असला तरी काळोखच.

मग कीबोर्ड. नम लॉकचं बटण दाबायचं आणि वरचा बारका दिवा लागतो-विझतो का बघायचं. लागत-विझत असेल तर आत मशीन शुद्धीवर आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. आमचा दिवा ढिम्म. म्हणजे मशीन सुरू होता होताच अडकतंय.

आता उघडणं आलं. भिंतीतून प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण आपल्या अंगातली स्थिर वीज रॅमसारख्या वस्तूला पुरे होते. आणि मागे पंखा असलेली जी चौकोनी पेटी असते, एसएमपीएस, ती उघडायची नाही. कोणीही नाही. प्लग काढल्यावरसुद्धा तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. ते काम तंत्रज्ञाचं.

झाकण काढलं तेव्हा आत काय होतं ते जेवणाआधी सांगत नाही. झुरळांनी तिथे आपल्या आधी सोसायटी रजिस्टर केली होती. ब्रशने आणि हातपंपाने साफ केलं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, गरगर फिरू द्यायचं नाही.

यापुढचा मुद्दा माझा हट्ट होता. इंजिनिअर साहेबांना लगेच रॅम काढायची होती. मी म्हटलं, आधी हार्ड डिस्क बाहेर काढ. आगीत आधी तिजोरी. मशीन मेलं तरी डिस्कमधला मजकूर मरत नाही, ती वेगळी वस्तू आहे. त्याने मित्राकडून यूएसबीला जोडायचा अॅडॅप्टर आणला. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला बारा व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही, म्हणून वेगळ्या विजेच्या तारेचा अॅडॅप्टर लागतो. लॅपटॉपला जोडली, दोन मिनिटं खरखर झाली आणि फोल्डर दिसले. हिशेबाचं अख्खं फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, तेव्हा कुठे मी चहा घेतला.

तुम्ही म्हणाल, मग झालं की काम! नाही ना. फायली होत्या, पण त्या वाचणारं सॉफ्टवेअर त्या मशीनवरच चालायचं. त्या काळी सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या रुंद पोर्टला एक कुलूप लावायचे, डाँगल म्हणतात त्याला. ते कुलूप असेल तरच प्रोग्राम उघडणार. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. म्हणजे मशीन उठवायलाच हवं होतं.

मदरबोर्डवर डबीसारखे उभे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी टॉर्चने बघितली. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डांमध्ये हे कपॅसिटर निकृष्ट निघाले होते. डोकं फुगतं, तपकिरी चिकट द्रव येतो. तसं दिसलं तर तेवढे कपॅसिटर बदलून देणारा कारागीर शोधावा, बोर्ड टाकू नये. आमचे सगळे सपाट होते. विजेची मोठी चोवीस पिनांची तार घट्ट होती. प्रोसेसरजवळ चार पिनांची एक छोटी तार असते, तीही बघितली; ती निसटली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मशीन मात्र सुरू होत नाही, हुबेहूब आमच्यासारखं. पण तीही जागेवर.

दुसऱ्या संध्याकाळी मुलगा एक बझर घेऊन आला, चाळीस रुपयांचा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये चालू करताना ‘टुक’ असा आवाज यायचा, आठवतं? मशीन स्वतःची तपासणी करून ‘सगळं ठीक’ म्हणतं तो आवाज. आणि बिघाड असला तर वेगवेगळ्या तऱ्हेने वाजतं. अवॉर्ड नावाच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार, लांब लांब वाजत राहिलं की रॅमची. दुसऱ्या कंपनीच्या बायॉसची भाषा वेगळी. आपल्या मशीनला असेंबल करणाऱ्याने बझरच बसवला नव्हता, त्यामुळे ते बिचारं इतके दिवस मुकं होतं.

मुलगा म्हणाला, “आजोबा, आता दोन्ही रॅम काढतो आणि चालू करतो.” मी म्हटलं, “अरे, आधीच चालत नाही, त्यात अजून काढतोस?” तो म्हणाला, “रॅम नसताना याने ओरडायला पाहिजे. ओरडलं तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत. गप्प बसलं तर दुकानदार बरोबर.”

सगळा प्रश्न त्या एका आवाजावर आला होता. ताईही ऑफिसात येऊन बसल्या होत्या. त्यांना रॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण आमचे चेहरे बघून त्या हात जोडून बसल्या. बटण दाबलं. पंखा फिरला. आणि मग मोठ्याने पों... पों... पों... ताई दचकल्या, “बिघडलं का हो?” मी म्हटलं, “नाही ताई, रडतंय. जन्मलेलं बाळ रडलं की डॉक्टरांना बरं वाटतं, तसं आहे हे.”

मग रॅम. एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर-टू जातीच्या. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यावर दमट हवेने आणि धुळीने पुट चढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो, तिथे यांचं काय! साधं पांढरं खोडरबर घ्यायचं, शाळेतलं, आणि दोन्ही बाजूंनी दात हलक्या हाताने पुसायचे. पॉलिश पेपर नको, ओला बोळा नको. खोडरबराचा भुसा झटकायचा. मग प्लग काढलेला असतानाच पट्टी खाचेत सरळ धरून दोन्ही टोकांना दाबायचं, बाजूच्या पकडी ‘टक’ करून आपोआप बसल्या पाहिजेत. पट्टीमधली खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळला नाही तर जोर करायचा नाही, उलटी धरली असणार. डीडीआर-थ्रीची पट्टी डीडीआर-टूच्या जागी बसत नाही, ती खाचच वेगळ्या ठिकाणी असते. तेव्हा बदलायची झाली तर जुनी पट्टी दुकानात सोबत न्यावी.

दोन्ही एकदम लावायच्या नाहीत. एक लावली, पुन्हा पों पों. तीच दुसऱ्या खाचेत लावली, तरी पों पों. म्हणजे ती पट्टीच गेली, खाच नाही. ती बाजूला ठेवून दुसरी लावली.

टुक.

आणि पडद्यावर पांढरी अक्षरं. पहिलंच वाक्य तक्रारीचं होतं: सीमॉस चेकसम एरर, पुढे जायला एफ-वन दाबा. ती काही मोठी गोष्ट नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की मशीन तारीख-वेळ विसरतं. आपलं मशीन १ जानेवारी २००७ मध्ये गेलं होतं. पन्नास रुपयांचा नवीन सेल घातला आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तारीख दुरुस्त करून घेतली. यावर मी अडून बसलो, कारण व्याज काढणाऱ्या प्रोग्रामला चुकीच्या तारखेला उघडणं म्हणजे काय ते बँकेत पाहिलेलं आहे.

विंडोज एक्सपी आलं, ती हिरवी टेकडी दिसली आणि ऑफिसात टाळ्या पडल्या. एक जीबी रॅम त्याला पुरते. पण हे मशीन इंटरनेटला जोडायचं नाही असं तिथेच ठरवलं. एक्सपीची सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच थांबवलं आहे. मग सॉफ्टवेअरने पासवर्ड मागितला. आमचे त्या वेळचे खजिनदार आता पुण्याला असतात, त्यांना फोन लावला. ते हसत म्हणाले, “वॉचमनच्या कुत्र्याचं नाव.” कुत्रा जाऊन दहा वर्षं झाली, पण नाव सगळ्यांना आठवत होतं.

ताईंचा खातेउतारा काढला. २०११ मधल्या दोन तिमाहींचे २,७०० चे दोन चेक त्यांच्या खात्यावर नव्हते. पण त्याच तारखांच्या बँक जमेत ते होते, चेक नंबरांसकट. मग पडले कुठे? तुम्ही ओळखलंच असेल. ताईंच्या फ्लॅट नंबरातले पहिला आणि शेवटचा आकडा उलटे केले की दुसऱ्या एका फ्लॅटचा नंबर होतो. दोन्ही चेक तिथे जमा. त्या सभासदांच्या खात्यावर तेवढी ॲडव्हान्स दिसत होती आणि ती पुढच्या बिलांत वळती झाली होती. नोंद करणाऱ्याचं नाव काढायचं कारण नाही. हजारो नोंदींत दोन. ते सभासद परदेशात असतात. उतारा ईमेलने पाठवला, दुसऱ्या दिवशी ५,४०० रुपये आले, वर ताईंची क्षमा मागणारं चार ओळींचं पत्र. व्याजाचा प्रश्न कमिटीने ठराव करून दोघांच्याही खात्यावरून काढून टाकला, आणि आठवड्याभरात ताईंना दाखला मिळाला. त्यात सेक्रेटरींनी ‘आजवर कधीही थकबाकी नव्हती’ असं एक वाक्य जादा घातलं. नमुन्यात ते नाही, पण मी काही बोललो नाही.

आता सध्याची स्थिती. २००८ ते २०१९ चे सगळे खातेउतारे मजकुराच्या फायलींत काढून, छापून, बाइंड करून ऑफिसच्या कपाटात आहेत. ज्यांना आपलं ‘मागील येणे’ तपासायचं असेल त्यांनी वार्षिक सभेच्या आत या. डेटाची एक प्रत ऑफिसात, एक खजिनदारांच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. कॉम्प्युटर भंगारात दिलेला नाही आणि देताना डिस्क काढल्याशिवाय द्यायचा नाही, त्यात सगळ्यांची नावं, फोन, नॉमिनी आहेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी इंजिनिअर साहेब आणि मी तो तासभर चालवतो, पावसाळ्यात दर शनिवारी.

घरी कोणाचा डबा काळोख दाखवत असेल तर आधी केबल, मग मॉनिटर, मग खोडरबर. आणि तरी नाही झालं तर आमच्याकडे या. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही बेल वाजवा. खोडरबर आपापलं आणा, आमचं नातू घेऊन गेला.